ठाण्याहून धारावी: घरी शिवायच्या फॉर्मल पट्ट्याचं सामान आणायला

ठाण्याहून साडेदहानंतरची स्लो लोकल धरा. गर्दी उतरलेली असते आणि पोहोचेपर्यंत दुकानं उघडतात. धारावीसाठी शीवला (सायन) उतरायचं आणि तिथे फास्ट थांबत नाही. वाशी-नेरूळकरांनी हार्बरने कुर्ल्याला येऊन गाडी बदलायची. शीवला पश्चिमेला उतरून शीव-वांद्रे लिंक रोडला लागलं की काळ्या किल्ल्याच्या बाजूला चामड्याची दुकानं सुरू होतात. रस्त्यावर तयार बॅगा-जॅकेटं दिसतील. कच्चा माल गल्ल्यांत विचारावा लागतो.

माप मात्र घरूनच न्या. वापरातला पट्टा सपाट ठेवून बक्कलच्या वळणापासून रोजच्या भोकापर्यंत मोजा. पॅन्टवरच्या आकड्यावर विसंबू नका, पट्ट्याला त्याहून दोनेक इंच जास्त लागतात. समजा ९२ सेंमी आले, तर बक्कलच्या घडीचे ७ आणि पुढच्या टोकाचे १७ धरून ११६ होतात. कापायला १२० सेंमी घ्या. पिशवीत व्हर्नियर (मिमीचे अंश मोजायचं माप), लोहचुंबक, पांढरा रुमाल आणि पाण्याची छोटी बाटली असू द्या.

खरेदीत बक्कल पहिलं. बहुतेक जण आधी चामडं घेतात आणि मग त्या रुंदीचं बक्कल शोधत फिरतात. फॉर्मल पट्ट्याला ३० ते ३५ मिमी रुंदी शोभते, त्यापुढे तो जीन्सचा वाटतो. ३५ म्हणून विकलेलं बक्कल आतून ३४.२ भरू शकतं. व्हर्नियर आतल्या दांडीला लावा आणि पट्टा त्यापेक्षा अर्धा ते एक मिमी कमी ठेवा, नाहीतर कडा घासून रंग उडतो. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. आपल्याकडच्या घामाने आणि दमट हवेने ते गंजतं. न चिकटल्याने पितळच आहे असं मात्र ठरत नाही, जस्ताच्या ओतीव बक्कललाही चुंबक धरत नाही. मागे न दिसेल अशा जागी टोकाने ओरखडा काढू द्यायची विनंती करा: आत पिवळं दिसलं तर पितळ.

आता चामडं. धारावीत दिसणारा बराचसा माल चेन्नई, कानपूर, कोलकात्याकडे कमावलेला असतो. त्यात म्हशीचं चामडं भरपूर. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचा दाणा, म्हणजे चामड्याच्या वरच्या बाजूचा नैसर्गिक पोत, जाडसर असतो. तो घासून, वर रंगाचा थर देऊन गुळगुळीत केलेला माल दुकानात देखणा दिसतो, पण भोकांपाशी वाकून वाकून त्याच थराला तडे जातात. तुकडा दाणा बाहेर ठेवून पूर्ण दुमडून बघा. बारीक रेघा उठून मोकळं केल्यावर गेल्या तर चालेल. तडा दिसला तर ठेवून द्या. दाणा आत घेऊन दुमडल्यावर सैल, फुगीर सुरकुत्या आल्या तर तो पोटाकडचा भाग. तो ताणला जातो, आणि काही महिन्यांत पट्टा एक भोक पुढे सरकतो. पट्टी पाठीच्या कण्याला समांतर कापलेलीच हवी. तयार कापलेल्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण त्यांची दोन्ही टोकं हातात धरून ताणून बघितल्याशिवाय घेऊ नयेत.

व्हेज टॅन (झाडाच्या सालीच्या अर्कात कमावलेलं) की क्रोम (क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं), हे कापलेल्या कडेवर कळतं. आत निळसर-राखाडी दिसलं तर क्रोम. व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला की डाग गडद होतो, अर्थात वर फिनिशचा थर नसेल तर. पट्ट्याला व्हेज टॅनच घ्यावं: आकार धरतं आणि कड नुसत्या पाण्याने, लाकडाने घासून चकाकते. क्रोमची कड तशी बसत नाही, एज पेंट, म्हणजे कडेला लावायचा रंग, लागतो. काळा किंवा तपकिरी रंग घेताना ओला रुमाल दहा वेळा घासा. रुमालावर उतरणारा रंग पांढऱ्या शर्टावरही उतरेल.

जाडी एकूण ३ मिमीच्या आसपास पुरे, तीही दोन थरांत: वरचा १.८, अस्तर १.२. एकेरी ४ मिमीचा पट्टा लुपांत अडकतो आणि बक्कलपाशी गठ्ठा होतो. घडीचे ७ सेंमी रापीने (चामडं तासायच्या सुरीने) निम्म्या जाडीपर्यंत तासावेच लागतात. अस्तराला बकरीचं चामडं चिवट, पण १२० सेंमी लांब बहुधा मिळत नाही. जोड देणार असाल तर दोन्ही टोकं १२ मिमी लांबीत तासून, भोकं आणि बक्कल या दोन्हींपासून लांब.

हिशेब चौरस फुटाचा. १२० बाय ३.५ सेंमीची पट्टी अर्ध्या फुटाहूनही कमी भरते, पण दुकानदार अख्खी साइड, म्हणजे अर्धं कातडं, विकतो. दोघा-तिघांनी मिळून घेतलेली बरी. मागच्या बाजूला फूट लिहिलेले असतात, तो आकडा आणि बिल ताडून पाहा.

दोऱ्यात ०.६ मिमीचा मेण लावलेला पॉलिस्टर. टाका साडेतीन मिमीचा, शिवण सगळी मिळून सव्वादोन मीटर. दोन सुयांनी शिवताना दोरा चौपट लागतो, म्हणजे ९-१० मीटर. चिकटवायला रबरी सोल्यूशन. दोन्ही बाजूंना पातळ लावून १०-१५ मिनिटं सुकू द्या. पावसाळ्यात जास्त वेळ, कारण ओलं असताना दाबलं की थर पुढे सुटतात. भोकांचा पंच ४ मिमीचा. तो आणि बक्कलच्या काट्याचा लांबट पंच इथे नाही मिळाला तर त्याच स्लो गाडीने मशीद बंदर, तिथून अवजारांच्या बाजाराची नागदेवी स्ट्रीट; रविवार टाळा.

चामडं घडी न घालता दाणा बाहेर ठेवून गुंडाळा आणि पाचच्या आत परतीची गाडी धरा. घरी आल्यावर प्लॅस्टिक काढून कागदात ठेवा, नाहीतर जुलैत बुरशी धरते.