सर्व्हिसिंगमध्ये काय बदलतात, काय मोजतात आणि कुठे चुकतं

गाडी सर्व्हिसिंगला दिली की तिच्यावर दोन प्रकारची कामं होतात. काही गोष्टी दिसायला चांगल्या असल्या तरी ठरलेल्या वेळी बदलायच्याच असतात: इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, ब्रेक ऑईल. बाकीच्या बऱ्याच गोष्टी मोजून ठरवायच्या असतात. खरी ढिलाई या दुसऱ्या प्रकारात होते, कारण जॉब कार्डवर ‘ब्रेक तपासले’ समोर खूण केली की काम झाल्यासारखं दिसतं. म्हणून गाडी देतानाच सांगून ठेवा: पॅड किती मिलिमीटर उरलं, बॅटरी किती व्होल्ट दाखवते, टायरच्या खाचा किती खोल आहेत, हे आकडे लिहून द्या. यातलं काही मोजायला पाच मिनिटांहून जास्त लागत नाही.

सर्व्हिसिंगची मुदत किलोमीटर आणि महिने अशा दोन्हींत दिलेली असते. जे आधी पूर्ण होईल ते धरायचं. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा १ वर्ष असं असतं, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय आहे ते पाहा. ‘गाडी फार फिरलीच नाही’ म्हणून वर्ष उलटू देणं चुकीचं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे ज्वलनातून आलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये साचत राहतं. कमी फिरणाऱ्या गाडीचं ऑईल असं बसल्या जागी खराब होतं.

ऑईल बदलताना इंजिन कोमट असावं. गरम ऑईल पातळ असतं आणि तरंगणारी घाण सोबत घेऊन बाहेर पडतं. ते दहा-पंधरा मिनिटं निथळू द्यावं लागतं. घाईत असलेला माणूस धार बारीक झाली की लगेच बोल्ट लावून टाकतो. त्या ड्रेन बोल्टखालचा वॉशर दाबला जाऊनच गळती रोखतो, म्हणून तो दरवेळी नवा लागतो. बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, आवळायचा असतो. जोर लावून आवळला तर ॲल्युमिनियमच्या ऑईल पॅनचे आटे जातात, आणि हे नुकसान बहुधा पुढच्या सर्व्हिसिंगला बोल्ट उघडताना उघडकीला येतं.

ऑईल फिल्टरच्या बाबतीत एक चूक फार महागात पडते. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकावर एक येतात, आणि इंजिन चालू झाल्यावर दाबाने ऑईल तिथून बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगेला बोटाने ऑईल लावायचं आणि डब्यासारखा फिल्टर हातानेच आवळायचा.

लहान गाड्यांना साधारण ३ ते ४.५ लिटर ऑईल लागतं. ऑईलच्या डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० अशा नावातला पहिला आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती राहतो ते. ‘गाडी जुनी झाली, जाड ऑईल घालू’ हा सल्ला पुस्तिकेत मुभा असेल तरच ऐका. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीला कमी राखेचं ऑईल लागतं. साधं घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये अडकते आणि पुन्हा जाळून काढता येत नाही.

ऑईलची पातळी डिपस्टिकच्या, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीच्या, दोन खुणांच्या मध्ये हवी. बऱ्याच गाड्यांत या खुणांमधलं अंतर सुमारे १ लिटरचं असतं. ऑईल कमी पडलं तर बेअरिंग कोरडी पडतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण जास्त भरणंही वाईटच: फिरता क्रँकशाफ्ट ऑईल घुसळतो, फेस होतो आणि फेसाने दाब टिकत नाही. डिझेल इंजिनात नवं ऑईल थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यात काळजीचं काही नाही. डिपस्टिकवर दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग दिसला तर मात्र गाडी चालवू नका. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ऑईलमध्ये मिसळत असण्याची शक्यता मोठी आहे.

ब्रेक पॅड नवं असताना साधारण १० ते १२ मिमी असतं आणि ३ मिमीच्या आसपास बदलायला येतं. आतलं आणि बाहेरचं पॅड वेगवेगळं मोजायला सांगा. कॅलिपरच्या (पॅड चकतीवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्या असतील तर एकच बाजू झिजते, आणि चाक न काढता बाहेरून दिसणारं पॅड चांगलंच दिसत राहतं.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून त्याला बहुतेक गाड्यांत २ वर्षांची मुदत असते. डॉट ४ प्रकाराचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो. ओलावा शोषल्यावर मानकानुसार तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते उकळलं, तर वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल पोकळ लागतं. डब्यातली पातळी खाली गेली की लगेच भर घालू नये, आधी पॅड पाहावीत. पॅड झिजली की पातळी हळूहळू उतरतेच. आज भर घातली तर नवी पॅड बसवताना ते बाहेर सांडेल, आणि ब्रेक ऑईल गाडीचा रंग खातं. पॅड जाड असूनही पातळी घटत असेल तर गळती शोधावीच लागते.

कूलंटमध्ये नळाचं पाणी घालू नका, क्षारांचा थर बसतो. रंग सारखा दिसला म्हणून दोन वेगळ्या प्रकारांचं कूलंट मिसळू नका. आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, हे कुणी कितीही घाईत असलं तरी.

एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर आपण स्वतः पाहू शकतो. केबिन फिल्टर बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. १२.४ म्हणजे ती पूर्ण चार्ज नाही.

टायरच्या बाबतीत बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) यांची गल्लत होते. ठरावीक वेगाला, बहुधा ८० किमीच्या वर, स्टीअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायरची एकच कड झिजत असेल तर अलाइनमेंट, पण त्याआधी हवेचा दाब तपासा.

इंजिन फ्लश (रसायन घालून इंजिन आतून धुणं), इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) सफाई हे काउंटरवर सुचवलं जातं. लक्षण असेल तर यातलं काही उपयोगी ठरतं. लक्षण नसताना, ऑईल वेळेवर बदललेल्या गाडीला इंजिन फ्लशची गरज नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा, कधी बदलायचा आहे ते विचारा. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्ती थेट सिलिंडर हेडपर्यंत जाते.

गाडी परत घेताना बदललेले जुने भाग मागून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन थंड असताना, डिपस्टिक पाहा आणि खाली जमिनीवर डाग पडलाय का तेही पाहा. चाकं काढली असतील तर ५० ते १०० किमी चालवल्यावर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या.