मे महिन्यातली धार

नवतपा लागून दोन दिवस झाले होते. २५ मेला सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि पुढचे नऊ दिवस नागपुरात आमच्या धंद्यातला माणूस उभ्याउभ्याच जेवतो. मी एसी-कूलर दुरुस्त करतो, सक्करदऱ्याला छोटं दुकान आहे. त्या दिवशी सकाळपासून चार कॉल झाले होते आणि पाचवा फोन आला तो ऐकून पोटात गोळाच आला.

"भाऊ, तुम्ही एप्रिलमध्ये भरला होता तो गॅस गेला वाटते पुन्हा. रूम थंडच होऊन नाही राहिली."

बेसा रोडवरचा फ्लॅट, तिसरा मजला, वर थेट स्लॅब. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मीच गेलो होतो. गॅस भरल्याचे पैसेही घेतले होते. आता एसीतला गॅस काही स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. नळी बंद असते आणि तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळतोय. म्हणजे एक तर मी गळती न शोधता भरला, नाहीतर तेव्हाही तो कमी नव्हताच. दोन्ही बाजूंनी चूक माझीच निघणार होती.

अडीच वाजता निघालो. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांना गॉगल, खिशात आईनं कोंबलेला कांदा. दुपारी आमच्याकडचे बरेच सिग्नल बंद ठेवतात, कारण या उन्हात लाल दिव्याखाली मिनिटभर उभं राहणं ही शिक्षा असते. मानेवाड्यापर्यंत रस्त्यावर मी, माझा हेल्पर आणि एक रसवंतीवाला, बस.

फोन केलेल्या ताईंनी आधी पाण्याचा गडवा आणि मग वीजबिल हातात दिलं. नऊशेच्या वर युनिट. "मागच्या वर्षी मे महिन्यात पाचशेच्या आत होतो आम्ही." घरगुती दरात शंभर, तीनशे आणि पाचशेचे टप्पे असतात. त्या-त्या टप्प्यातल्या युनिटांनाच वरचा दर लागतो, सगळ्या बिलाला नाही. तरी पाचशेच्या वरची चारशे युनिटं सर्वांत महाग भावाची, ती झोंबणारच. रिमोटवर आकडा होता १६.

"सोळावर लावलं की लवकर थंड होते म्हणून," त्या म्हणाल्या.

हे मला रोज ऐकावं लागतं. त्यांचा एसी जुना, दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला. त्याचा कॉम्प्रेसर एक तर चालू असतो नाहीतर बंद, त्याला जोर लावून चालणं माहीतच नाही. सोळा काय आणि सव्वीस काय, थंड करायचा वेग तोच. फरक एवढाच की सोळावर तो थांबायचं नावच घेत नाही. एकेका अंशानं वर नेलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे नवीन एसी सुरू होताना आपोआप २४ वर येतात तेही त्यासाठीच. पण ज्याची खोली ३० च्या खाली येतच नाही, त्याला हे सांगायला तोंड लागतं. मी गप्प बसलो आणि गॅसचा दाब बघायला गेज लावला.

आर-२२ या जुन्या गॅसच्या मशीनला सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस परत ओढणाऱ्या नळीत, साठ-सत्तर पीएसआय दाब दिसला की आम्ही समाधानी. इथे काटा ८५ वर. वायरीला चिमटा लावून मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरनं करंट घेतला तर ९.६ अँपिअर, एसीच्या प्लेटवर छापलेला ७.८. गॅस गेला तर नव्हताच, उलट जास्त झाला होता.

तेव्हा एप्रिलची दुपार डोळ्यांपुढे उभी राहिली. शेजारी बांधकाम सुरू होतं आणि फिल्टरवर सिमेंटच्या धुळीची गादी बसली होती. हवाच जात नसेल तर आतली थंड नळ्यांची कॉइल नको तेवढी थंडगार पडते आणि सक्शनचा काटा खाली येतो, अगदी गॅस कमी असल्यासारखा. मी काटा बघितला आणि वरून गॅस सोडला. फिल्टर मात्र जाताना धुतला. उलट्या क्रमानं केलं असतं तर गॅस भरावाच लागला नसता. मीटरवर वाढून दिसणाऱ्या करंटात माझा हात होता, हे ताईंना कसं सांगायचं याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत मी बाल्कनीत गेलो.

तिथे ड्रेन पाईपनं मला थांबवलं.

पाईपाखाली बादली होती आणि पाईपातून चक्क धार लागली होती. टपटप नाही, धार. आता मे महिन्यातल्या नागपूरच्या हवेत पाणी असतं कुठे? दुपारी आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर येते, ओठ फुटतात, धुतलेली चादर पंधरा मिनिटांत पापडासारखी होते. या दिवसांत एसीचा पाईप जवळजवळ कोरडा असतो. हेल्परला म्हटलं, लिटरची बाटली लाव आणि घड्याळ बघ. बाटली वीस मिनिटांत भरली.

म्हणजे तासाला तीन लिटर. हवेतल्या वाफेचं एक लिटर पाणी करायला जी उष्णता ओढून काढावी लागते ती विजेच्याच मापात भरते साधारण ०.६८ युनिट. तीन लिटरला दोन युनिटं. दीड टनाचा एसी तासाला ओढून ओढून किती उष्णता ओढणार, तर सव्वापाच युनिटांएवढी. म्हणजे त्याची एक तृतीयांशाहून जास्त ताकद नुसती पाणी पिळण्यात चालली होती. भिंती आणि डोक्यावरचा तापलेला स्लॅब यांच्यासाठी उरलं ते उरलं.

पण पाणी येत कुठून होतं? बेडरूममध्ये ओले कपडे नव्हते, कुंड्या नव्हत्या. दार उघडून हॉलमध्ये आलो आणि चिकट दमट झोत अंगावर आला. हॉलच्या खिडकीत मोठा लोखंडी कूलर घुर्र करत होता आणि समोर दिवाणावर आजी बसल्या होत्या. काटोलकडून मेच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या. त्यांना एसी सोसत नाही, हाडं दुखतात, म्हणून ताईंनी माळ्यावरचा कूलर काढून लावला. बाकी हॉलच्या सगळ्या खिडक्या बंद आणि वर जाड पडदे.

आजी पदरानं मान पुसत म्हणाल्या, "बाबू, या कूलरनं नुसती चिकचिक होते रे. आमच्या गावचा कूलर असा नव्हता."

मी देवघरातली उदबत्ती मागितली. ताईंना वाटलं असेल, कारागीर कामाला लागण्याआधी देवाचं नाव घेतोय. उदबत्ती बेडरूमच्या दाराखालच्या फटीशी धरली, तर धूर अंगठ्याएवढ्या फटीतून सापासारखा सरपटत आत गेला. धुराच्या मागेमागे मीही. बेडरूममधून तो बाथरूमकडे वळला आणि वरच्या काचेच्या पट्ट्यांच्या झरोक्यातून बाहेर पडला.

झालं होतं असं. कूलर बाहेरची हवा ओल्या ताटीतून ओढून घरात ढकलतो, आणि ढकललेल्या हवेला कुठून तरी बाहेर पडावंच लागतं. हॉलला दुसरी वाट नाही म्हणून तिनं बेडरूमची फट शोधली. कूलर हवेतली उष्णता पाण्यात दडवतो. ती बाहेर निघून गेली तर कूलरइतकं स्वस्त काही नाही. पण इथे तीच ओली हवा एसीच्या तोंडाशी जात होती आणि एसी त्यातलं पाणी परत पिळून बादलीत टाकत होता. एकाच घरात दोन मशीनं एकमेकांची कामं उलटी करत बसली होती आणि दोघांचं बिल ताई भरत होत्या.

उपाय सांगितला तेव्हा भांडणच व्हायचं बाकी होतं. "हॉलची कूलरसमोरची खिडकी उघडा."

"बाहेर लू वाहून राहिली अन् तू खिडकी उघडाले सांगतं?" आजी.

"आजी, गावच्या घराला कवेलू होते ना? हवा वरून निघून जाये. इथं झाकण बंद आहे."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. खिडकी मात्र मीच उघडली, विरुद्ध भिंतीवरची, वीतभर. आतली हवा जोरानं बाहेर जात असताना त्या वाटेनं लू आत येत नाही, हे पडद्यानंच दाखवून दिलं. तो बाहेरच्या बाजूला फुगला. बेडरूमच्या दाराखाली जुन्या साडीची वळकटी लावली, बाथरूमचा झरोका बंद केला. कूलरच्या एका ताटीवर खार चढून पाणी एकाच कोपऱ्यातून उतरत होतं, ती नळी मोकळी केली. (अर्थिंगची वायर तुटलेली सापडली. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि तुटलेलं अर्थिंग. उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तेव्हा हे काम मी कोणाला विचारून करत नाही.)

मग कैरीचं पन्हं आलं आणि आम्ही बसलो. बाहेर पारा ४४-४५, हवा अशी कोरडी, की चांगला चालणारा कूलर २७-२८ पर्यंतची हवा देऊ शकतो. वीसेक मिनिटांनी आजींनी पदर खाली ठेवला. तासाभरानं बाल्कनीत गेलो. धार तुटली होती. थेंब पडत होते, मी मोजले, मिनिटाला चाळीसेक.

आता दुसरा अर्धा भाग होता, माझा. ताईंना सरळ सांगितलं की एप्रिलमध्ये गॅस भरायची गरज नव्हती, मी चुकीचं निदान केलं, उद्या येऊन काढतो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

जास्तीचा गॅस हवेत सोडून द्यायची आमच्या धंद्यात रीत आहे, मीही कितीदा सोडलाय. आर-२२ ओझोनला खातो हे पोस्टरवर वाचलेलं, पण पोस्टर वाचून कोणी सिलिंडर उचलत नाही. त्या रात्री मित्राकडून गॅस परत काढून घ्यायचं रिकव्हरी मशीन मागून आणलं. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, सगळा गॅस सिलिंडरमध्ये काढला, नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्युम केलं आणि काट्यावर तोलून प्लेटवर लिहिलंय तेवढाच भरला. करंट ७.९. रिमोट २६ वर, पंखा दोनवर. पाऊण तासानं कॉम्प्रेसर आपोआप थांबला आणि खोलीत एकदम शांतता झाली. ताई दचकल्या. "बंद पडला का?" महिनाभरात तो कधी थांबलाच नव्हता, त्यांना ती शांतता ओळखूच आली नाही.

एप्रिलचे पैसे परत केले. त्यांनी त्यातले अर्थिंगचे कापून ठेवायला लावले. स्लॅबवर दोन हात चुना मारा म्हणालो, कारण रात्री नऊला त्या खोलीच्या छताला हात लावला तर तव्याची आठवण येते. चुना मारला की नाही माहीत नाही. जूनचं बिल मात्र त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, युनिटाच्या आकड्याभोवती लाल गोल काढून. ४६२.

जुलैत पुन्हा फोन.

"भाऊ, पाईपातून परत धार लागली हो. कूलर तर आम्ही बंद करून ठेवला, आजी गावाला गेल्या."

मागे कसला तरी मोठा आवाज येत होता.

"ताई, पाऊस पडून राहिला का तिकडं?"

"हाव ना, सकाळपासून."

"मग पडू द्या ती धार."