पेटीकडून तासाकडे : आमची वाटचाल

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं सर्जिकल सामानाचं दुकान. शाळांच्या प्रथमोपचार पेट्या हे हक्काचं गिऱ्हाईक. तपासणी जवळ आली की ऑर्डर यायची. एका माध्यमिक शाळेत पेटी पुन्हा भरायला गेलो, तर ती ऑफिसच्या लोखंडी कपाटात, किल्ली लेखनिकांकडे आणि लेखनिक रजेवर. पुढच्या खेपेला उघडली, तर कापसाचं पुडकं न फोडलेलं, चिकटपट्टी वाळून खडखडीत. मुलाला लागलं तर काय करता? "रिक्षात घालतो आणि दवाखान्यात नेतो."

आमची सौ. स्टाफ नर्स होती. ती म्हणाली, पेटीबरोबर प्रथमोपचाराचा एक तास शिकवूनच येऊ. तासाला मागणी वाढली, पैसे मात्र पेटीचेच.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. दुकानातला माल गेला. सीपीआरची, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायच्या सरावाची बाहुली घरी माळ्यावर होती, ती तेवढी वाचली. मग शिकवण्याचेच पैसे घ्यायला लागलो. सोपं नव्हतं. पेटीचं बिल चटकन निघतं. तासाचं बिल संस्थेच्या सभेपुढे जातं. "प्रमाणपत्र देणार ना?" हा पहिला प्रश्न. देतो, पण हात चालवून दाखवल्यावर.

आठवी-नववीची मुलं बाहुली बघून आधी पोटभर हसतात. हसू देतो. मग सतरंजीवर गुडघे टेकायचे, तळहात छातीच्या मधोमध, कोपर ताठ. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. मोठ्याने मोजायचं. दोन मिनिटांत भले भले घामाघूम होतात. थकला की शेजाऱ्याने घ्यायचं, खंड पडू न देता. दुखावलेल्या हातासाठी ओढणीची झोळी मात्र मुली माझ्यापेक्षा नीटस बांधतात.

खरा कस सापाच्या तासाला. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाची नवलाई कुणाला नाही. मुलं घरून शिकून आलेली असतात: दोरी आवळा, ब्लेड मारा, मांत्रिकाकडे न्या. यातलं काहीच नको. चावलेला पाय हलवू देऊ नका, पैंजण-अंगठी काढा, १०८ लावा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच प्रतिविष चालतं आणि ते दवाखान्यातच मिळतं. एका मुलीने विचारलं, "बाई, आजीने ऐकलंच नाही तर?" सौ. म्हणाली, "आजीशी भांडत बसू नकोस. गाडी बोलाव. मंत्र गाडीत म्हणू देत."

पेट्या अजूनही विकतो. अट एकच: कुलूप नको, वर्गाबाहेर भिंतीवर लावा. काही शाळा नाही म्हणतात. मुलं चित्रकलेच्या तासाला कापूस पळवतात अशी तक्रार. पळवतात खरी. दर सत्राला आम्ही भरून देतो, रोख घेऊन. बाहुलीची स्प्रिंग आता ढिली झालीय. नवी घ्यायचीय, मार्चअखेरची बिलं निघाली की.