समुद्राला बंदी आहे, टेनिसला नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात पाठ शेकून घेता घेता कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे टेनिसवाले कोट्यवधी कमावतात, बरोबर स्वतःचा कोच, स्वतःचा फिजिओ, तरी सारखं दमलो, दुखतंय, माघार घेतो, हे काय? आणि गेल्या महिन्यात कप उचलणारा माणूस या महिन्यात पहिल्याच फेरीत कसा गारद होतो?" मी रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट आहे आणि रात्र रात्र जागून टेनिस बघते, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो.

उभ्या उभ्या मी नीट उत्तर देऊ शकलेले नाही. कारण माझ्यासाठी ते उत्तर मेलबर्न किंवा पॅरिसला नाही, आमच्या मिरकरवाडा बंदरात सुरू होतं.

दर वर्षी १ जूनला आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. ६१ दिवस. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्हींसाठी ही बंदी. बोटी बंदरात लागतात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि माझा दवाखाना भरतो. ज्याचा खांदा नोव्हेंबरात धरला तो जूनमध्ये येतो. ज्याच्या कमरेत जानेवारीत चमक भरली तोही जूनमध्ये. सीझनमध्ये कुठे भेट झाली आणि मी म्हटलं, "या एकदा दाखवायला," तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, बंदी लागू दे, मग येतो."

या जूनमध्ये एक खलाशी आले, पन्नाशीचे. शर्ट काढताना उजवा हात डाव्या हाताने उचलून बाहीतून बाहेर काढला. मी म्हटलं, हात पाठीमागे न्या. करगोट्यापर्यंतही पोचेना. कधीपासून? "दिवाळीपासून." रात्री त्या कुशीवर झोपताच येत नव्हतं, म्हणून सात महिने भिंतीला टेकून झोपत होते. मला राग आला आणि रडूही आलं. पण ते का थांबले नाहीत हे मला समजत होतं. एक बोट थांबली म्हणून मासळी तिची वाट बघत थांबत नाही. ती दुसऱ्याच्या जाळ्यात जाते. खलाश्याच्या वाट्याचंही तसंच, तो नाही गेला तर दुसरा जातो. सगळ्यांना एकाच दिवशी थांबवलं, तेव्हाच त्यांना खांदा दाखवायला सवड झाली.

आता टेनिस बघा. नवीन वर्ष उजाडतं न उजाडतं तोच ऑस्ट्रेलियात सीझन सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत चालतो. मध्ये चार ग्रँड स्लॅम, त्यांच्या खालोखालच्या पुरुषांच्या ९ मास्टर्स १००० स्पर्धा, त्यातल्या माँटे कार्लो सोडून बाकी आठ वरच्या खेळाडूंना सक्तीच्या. नाही खेळलात तर क्रमवारीच्या हिशेबात त्या जागी शून्य बसतं. महिलांच्या टूरवर १००० दर्जाच्या स्पर्धा १० आहेत, आणि पोलंडची इगा श्वियाँतेक या वेळापत्रकाबद्दल कित्येकदा बोलली आहे. कोर्टसुद्धा एकसारखं नसतं. हार्ड कोर्ट, मग युरोपातली लाल माती, मग तीन आठवड्यांत गवत, मग पुन्हा हार्ड कोर्ट. मातीवर पाय घसरवत चेंडूपर्यंत जायचं, गवतावर चेंडू खाली राहतो म्हणून गुडघ्यात वाकून खेळायचं. (फ्रेंच ओपनची माती म्हणजे विटांचा चुरा. आपल्या जांभ्याची धूळ उन्हात तशीच दिसते, टीव्हीवर ते कोर्ट दिसलं की मला घरचंच वाटतं.) चेंडूसुद्धा स्पर्धेगणिक वेगवेगळ्या कंपनीचे. कुठला जड, कुठला लवकर फुगणारा, आणि त्याचा हिशेब मनगट आणि कोपर चुकतं करतात.

क्रमवारीचे पॉइंट ५२ आठवड्यांचे असतात, हे खूप जणांना माहीत नसतं. गेल्या मे महिन्यात रोममध्ये मिळवलेले पॉइंट या मे महिन्यात गळून पडतात, ते पुन्हा मिळवावे लागतात. म्हणजे तुम्ही नुसते जागेवर उभे राहिलात तरी खाली घसरता. घोटा मुरगळला म्हणून दोन महिने बसलात, तर तेवढ्यात दुसऱ्याने पॉइंट भरून घेतलेले असतात. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर जुन्या क्रमांकावर काही स्पर्धांत प्रवेश मिळतो, पण मानांकन (वरच्या खेळाडूंना सुरुवातीच्या फेऱ्यांत एकमेकांपासून लांब ठेवणारा क्रमांक) मिळत नाही, आणि पहिल्याच फेरीत एखादा पहिल्या दहातला समोर उभा राहू शकतो. माझ्या खलाशांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तोच समुद्र, तीच मासळी, फक्त १ जून नाही.

कोट्यवधींचं म्हणाल तर ते वरच्या थोड्यांचं. सुमित नागल भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता, तेव्हा २०२३ मध्ये त्याने सांगितलं होतं की वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या खात्यात ९०० युरोच्या आसपास रक्कम उरली होती. ऐंशी हजार रुपये धरा. विमान, हॉटेल, रॅकेटच्या तारा, कोच, सगळं स्वतः बघायचं. अशा खेळाडूला बरोबर फिजिओ ठेवणं परवडत नाही, आणि घरी बसणं तर त्याहून परवडत नाही. त्याच नागलने जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी पार करून मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकिताला हरवणारा भारतीय त्याआधी १९८९ मध्ये, रमेश कृष्णन. मी त्या दिवशी दवाखाना तासभर उशिरा उघडला आणि बाहेर थांबलेल्यांना कारणही सांगितलं.

मग फॉर्म. माणूस रात्रीत खेळ विसरतो का? नाही. आम्ही टीव्हीवर बघून "फॉर्म गेला" म्हणतो, तेव्हा माझ्या डोळ्यांना बहुतेक वेळा दिसतात पाय. थकवा आधी तिथे उतरतो. चेंडूपर्यंत जायच्या पावलांतलं शेवटचं अर्धं पाऊल कमी पडतं. मग चेंडू शरीराच्या पुढे न मिळता बाजूला मिळतो, फटका हाताने ओढला जातो आणि चेंडू रेषेच्या बोटभर बाहेर पडतो. सर्व्हिस तर सगळी जमिनीपासून वर चढत येते. पाय, कंबर, पोट, पाठ, आणि शेवटी खांदा. कंबर आखडली की तिचं काम खांदा करायला जातो. खांद्याच्या वाटीत हाड धरून ठेवणारे चार लहान स्नायू असतात, आम्ही त्याला रोटेटर कफ म्हणतो. सुसाट पुढे गेलेल्या हाताला ब्रेक लावायचं काम त्यांचं. जाळं ओढणाऱ्या खलाशाचा खांदा त्याच ठिकाणी दुखतो. ब्रेक झिजला की मेंदूच हाताला सावध करतो, सर्व्हिस मंदावते, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं की अमुक खेळाडूचा आत्मविश्वास हरवला. आत्मविश्वास जातोच, पण माझ्या अनुभवात तो बऱ्याचदा शरीरापाठोपाठ जातो.

२०१० च्या विम्बल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू ११ तास ५ मिनिटं खेळले, तीन दिवस. पाचवा सेट ७०-६८. इस्नरने त्या एका सामन्यात ११३ बिनतोड सर्व्हिस केल्या, म्हणजे समोरच्याच्या रॅकेटला चेंडू लागलाच नाही अशा. पुढच्या फेरीत तो सव्वा तासाच्या आत ६-०, ६-३, ६-२ असा हरला आणि त्यात एकही बिनतोड सर्व्हिस नव्हती. माणूस तोच, रॅकेट तीच.

बालेवाडीला पुरुषांच्या व्यावसायिक टूरची, म्हणजे एटीपीची, स्पर्धा होत असे, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये मी फायनल बघायला पुण्याला गेले होते. केव्हिन अँडरसन आणि एकोणचाळीस वर्षांचा इव्हो कार्लोविच. तिन्ही सेट टायब्रेकला (६-६ अशा बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणाऱ्या गेमला) गेले, अँडरसन जिंकला. बाकीचे सर्व्हिस बघत होते, मी सर्व्हिसनंतर त्याचं डावं पाऊल कसं टेकतं ते बघत बसले होते. सहा फूट आठ इंचाचा माणूस, सगळं वजन घेऊन दर वेळी त्याच पायावर उतरतो. सहा महिन्यांपूर्वीच विम्बल्डनच्या सेमीफायनलला तो इस्नरशी ६ तास ३६ मिनिटं खेळला होता, शेवटचा सेट २६-२४. एका दिवसाआड फायनल, समोर जोकोविच, आणि पहिले दोन सेट ६-२, ६-२ असे गेले. बालेवाडीनंतर त्याच वर्षी आधी त्याचं कोपर दुखावलं, मग गुडघा, आणि सीझन अर्धवट सुटला. त्या एका सामन्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही, तसं कुणालाच छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण २०१९ पासून विम्बल्डनने शेवटच्या सेटला टायब्रेक आणला आणि २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये ६-६ ला दहा पॉइंटांचा टायब्रेक असतो, याचं मला मनापासून समाधान आहे.

थांबून फायदा झाल्याची उदाहरणं आहेत. फेडररने २०१६ मध्ये विम्बल्डननंतर उरलेलं वर्ष सोडून दिलं. क्रमांक घसरला, पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनला सतरावं मानांकन मिळालं, आणि पस्तिसाव्या वर्षी तो जिंकला. त्या २०१७ मध्ये मातीवर खेळलाच नाही, मग विम्बल्डन एकही सेट न गमावता. पण तो फेडरर होता, त्याला थांबणं परवडलं. मला त्याहून जवळचा वाटतो रोहन बोपण्णा. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली, वेदनाशामक गोळ्यांवर खेळ चाललेला. करोनाच्या काळात सगळं जग बंद पडलं तेव्हा तो अय्यंगार योगाकडे वळला, आपल्या पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, दोऱ्या, खुर्च्या घेऊन बसवलेली पद्धत. २०२४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने मॅथ्यू एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली आणि दुहेरीच्या क्रमवारीत पहिला आला. त्या सक्तीच्या सुट्टीशिवाय हे झालं असतं का, हा प्रश्न मला पडतो. तीसुद्धा सगळ्यांना एकदम लागलेली बंदीच होती.

उलट बाजूही सांगते, कारण विचारणारे तीही काढतात. नऊपैकी सात मास्टर्स स्पर्धा आता बारा दिवसांच्या केल्या आहेत, मधे एक दिवस रिकामा मिळतो, मग तक्रार कसली? हॉटेलात पुढच्या सामन्याची वाट बघत बसणं ही विश्रांती नव्हे. त्या दिवशीही सराव असतो, जिम असते, आणि घर आणखी चार-पाच दिवस लांब जातं. आणि सौदीत दहावी मास्टर्स यायची आहे, २०२८ च्या सुमारास. दुसरी तक्रार मात्र मला पटते. वेळापत्रक जीव घेईल असं अल्काराझ २०२४ मध्ये म्हणाला, आणि तोच मोकळ्या आठवड्यांत क्रमवारीत न धरले जाणारे प्रदर्शनी सामने खेळायला जातो. बंदीत चोरून बोट काढणाऱ्याला आपण काय म्हणतो? पण म्हणूनच मी म्हणते, हे एकेकट्याच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. मार्च २०२५ मध्ये जोकोविचने उभ्या केलेल्या खेळाडूंच्या संघटनेने टूर चालवणाऱ्यांविरुद्ध खटला भरला, त्यात वेळापत्रकाचाही मुद्दा आहे. सलग दोन महिने बंदी, सगळ्यांना, सक्तीने. माझी मागणी एवढीच असेल.

आणि नुसतं थांबूनही भागत नाही. बंदी उठली की पहिल्या आठवड्यात माझ्याकडे पुन्हा खांदे सुजून येतात. दोन महिने आराम केलेला स्नायू एका रात्रीत पूर्ण ताकदीने जुंपला की तो फाटतो. म्हणून मी जुलैच्या मध्यापासून त्यांना रबरी पट्ट्यावर कामाला लावते, रोज थोडं वाढवत.

या जूनमध्ये एक पंधरा वर्षांची मुलगी येत होती. सोळा वर्षांखालच्या स्पर्धा खेळते. दर दोन आठवड्यांनी आंबा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर पुणे, नाहीतर मुंबई. बॅकहँडला डावं मनगट दुखत होतं. वडिलांना म्हटलं, सहा आठवडे रॅकेट नाही. ते म्हणाले, "मॅडम, पुढच्या आठवड्यात कोल्हापूर आहे, तेवढं खेळून घेऊ दे, पॉइंट जातील." वाईट माणूस नाही, मुलीसाठी पहाटे तीनला उठून गाडी चालवणारा बाप आहे. मी कागदावर लिहून दिलं, तारीख घालून, सही करून. आपल्या इथलं कोर्ट तसंही पावसात शेवाळून बंद होतं.

एका दुपारी ती आणि ते खलाशी एकाच वेळी आले. बाहेर पाऊस कोसळत होता. खिडकीच्या गजाला दोन पट्टे बांधले, तिला पिवळा, त्यांना हिरवा. दोघंही मनात मोजत ओढत होते. त्यांचा हात एव्हाना पाठीमागे करगोट्याच्या वर वीतभर पोचायला लागला होता. मधेच थांबून त्यांनी तिला विचारलं, "आमची बंदी एक ऑगस्टला उठते. तुझी कधी?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"पंधरा ऑगस्टला," मी म्हटलं. "आधी दहा मिनिटं, भिंतीवर. फक्त फोरहँड."