रामटेक फेरी, अपडेट ७ : शिलालेख शेवटी दिसला!

दिसला! परवा रविवारी संध्याकाळी रामटेकच्या लक्ष्मण मंदिरात २२ माणसांनी यादवकाळच्या शिलालेखातला 'राम' आपल्या डोळ्यांनी वाचला. मी नाही वाचून दाखवला, त्यांनी वाचला. 'रा' आधी एका सातवीतल्या पोरीला दिसला, ती ओरडलीच, मग मागचे सगळे पुढे सरकले आणि एका आजींनी नकळत हात जोडले. चार महिने ह्या एका गोष्टीपायी डोकं आपटत होते म्हणून आधी हेच लिहिते, व्याख्यान कसं झालं आणि जवळच्या नगरधन किल्ल्याचं काय ठरलं ते खाली येईलच.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. मी रामटेकला लोकांना घेऊन फेरी काढते, तिथल्या जुन्या जागा दाखवत. गडावरच्या लक्ष्मण मंदिरात आतल्या भिंतीत जो मोठा लेख आहे तो देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या काळातला, म्हणजे राज्य १२७१ ते १३११. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या राजाचं नाव येतं तोच हा राजा, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९०. आपल्या नागपूरच्या इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी एल. आर. कुलकर्णींसोबत हा लेख वाचून एपिग्राफिया इंडिका ह्या शिलालेखांच्या नियतकालिकाच्या २५ व्या खंडात छापला. लोक रामटेकला येतात ते कालिदास आणि वाकाटक (चौथ्या-पाचव्या शतकातले इथले राजे) ऐकायला, आणि ते आहेच, मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक हे मिराशींनीच हिरीरीने मांडलं. पण वाकाटकांची लिपी सामान्य माणसाला वाचता येत नाही. हा यादवांचा लेख संस्कृतात असला तरी लिपी नागरी आहे, ज्याला मराठी वाचता येतं त्याला ह्यातली चार-पाच अक्षरं तरी ओळखता येणारच. म्हणून माझा हट्ट होता की फेरीत हा दगड नुसता 'दाखवायचा' नाही, वाचायला लावायचा. नाहीतर बाकी सगळं मी सांगते तुम्ही ऐका असंच होतं.

आणि तिथेच गाडं अडलं होतं. पहिल्या तीन फेऱ्यांत कोणालाच काही दिसलं नाही. शेकडो वर्षांचा धूर, तेलाचे हात, वर कधीतरी लागलेला चुना, त्यात अक्षरं उथळ. मी समोर उभी राहून टॉर्च मारायची आणि दगड सपाट पाटीसारखा चमकायचा. लोक चांगले असतात हो, 'हो हो दिसतंय' म्हणतात, पण चेहऱ्यावरून कळतं की दिसत नाहीये. तिसऱ्या फेरीनंतर एक काका परत उतरताना म्हणाले की मॅडम दगड पाहिला पण लेख नाही पाहिला, ते वाक्य मला घरी येईपर्यंत टोचत होतं.

तिरका प्रकाश हा उपाय मला माहीत नव्हता असं नाही. मागच्या अपडेटनंतर तुमच्यापैकी तिघांनी तेच लिहिलं होतं. तेही केलं. इतवारीतून साडेआठशेचा मोठा एलईडी टॉर्च आणला, बाजूला उभी राहून धरला, थोडा फरक पडला, पण इतकाच की काहीतरी कोरलंय एवढं कळावं. शिवाय डोक्यावर देवळाची ट्यूबलाईट. पुजारीबुवा भले माणूस, त्यांनी दोन मिनिटं बंद करूनही दिली होती एकदा, पण दर्शनाला लोक येत असतात, जिवंत देऊळ आहे ते, दर वेळी आपल्यासाठी अंधार करा म्हणणं मला पटत नाही.

मग फोटोचा मार्ग धरला. मोबाईलवर काढलेले फोटो ए३ साईजमध्ये छापून हातात द्यायचे. सीताबर्डीवर एका दुकानात दिले तर त्यांनी न विचारता 'एन्हान्स' करून दिले, म्हणजे अक्षरं आणि दगडाचे टवके दोन्ही सारखेच काळे, अर्धे टवके अक्षरंच वाटायला लागले. ४६० रुपये पाण्यात. आणि फ्लेक्सवर छापू नका, हे मी आता छातीठोक सांगते, उन्हात इतकं चकाकतं की काहीच दिसत नाही, शिवाय गुंडाळी सरळ होत नाही. मॅट कागद सनबोर्डवर चिकटवलेलाच चांगला. त्यातलाही एक बोर्ड वराहाच्या मूर्तीजवळ वानराने पळवला आणि तटावर बसून सावकाश चावला. खाण्याची पिशवी लपवायची हे सगळ्यांना सांगते, बोर्डाचं सुचलं नव्हतं.

आता रविवारची गोष्ट. एक बाई सासूबाईंना घेऊन आल्या होत्या, सोबत त्यांचे दीर, सासूबाईंना पायऱ्या चढवायला. ते पूर्ण वेळ मागे उभे. मी टॉर्च धरून धडपडत होते, पाच मिनिटं बघितलं त्यांनी, मग पुढे आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही लाईट दूरून मारून राहिल्या, असं काहीच नाही दिसणार. आम्ही पुट्टी मारली का बल्ब भिंतीले लावूनच पाहतो, खड्डा-उंचवटा लगेच समजते." पुट्टी-पेंटचं काम करतात ते, वीस वर्षं झाली म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून टॉर्च घेतला, भिंतीला टेकवला नाही, दगडापासून बोटभर अंतर ठेवून लेखाच्या चौकटीच्या बाहेर धरला, प्रकाश भिंतीवरून अक्षरशः सरपटत जाईल असा. आणि दुसऱ्या हाताने सासूबाईंची काळी छत्री उघडून ट्यूबलाईटच्या आड धरली.

काय सांगू तुम्हाला. ओळी उठून उभ्या राहिल्या. एक-एक खाच काळी, एक-एक कड उजळ. मी हा दगड किमान तीस वेळा पाहिलाय आणि मलाही त्यातल्या दोन ओळी पहिल्यांदा ओळी म्हणून दिसल्या.

म्हणजे चूक 'तिरका' ह्या शब्दात होती. मी तिरका म्हणजे ४५ अंश धरत होते. उथळ कोरीव कामाला ते चालत नाही, जवळजवळ समांतरच लागतो. आणि दुसरी अर्धी अडचण टॉर्चची नव्हतीच, वरच्या उजेडाची होती, तो सगळ्या सावल्या भरून काढत होता. साडेआठशेच्या टॉर्चपेक्षा दीडशेची छत्री जास्त कामाची निघाली.

सोमवारी घरी परत प्रयोग केले, आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या जुन्या उंबऱ्यावर, आजोबांनी त्यावर नाव कोरून घेतलंय. तेव्हा अजून एक गोष्ट लक्षात आली. टॉर्च डावीकडून धरला की काने आणि उभ्या रेघा खणखणीत दिसतात पण शिरोरेषा गायब होते. वरून धरला की शिरोरेषा येते आणि काने मंदावतात. प्रकाश ज्या दिशेने धावतो त्या दिशेची रेघ सावलीच पाडत नाही, साधी गोष्ट आहे पण मी कधी विचार केला नव्हता. म्हणजे एकाच जागी दोनदा दाखवायचं, आधी बाजूने मग वरून, आणि लोकांना विचारायचं काय बदललं. टॉर्चच्या तोंडावर काळा चार्ट पेपर लावून बारीक फट ठेवली तर उजेड इकडेतिकडे सांडत नाही, तेही करून पाहिलं, मस्त. मोठा टॉर्च आता विकायला काढते, छोट्या दोन सेलच्या टॉर्चने ह्याहून चांगलं काम होतं.

आणि हे परत परत लिहीन: खडू नाही, पीठ नाही, तेल-पाणी नाही, कोळसा घासणं तर अजिबात नाही. एकाने मला 'थोडं पीठ चोळा, अक्षरं पांढरी होतात' असं सुचवलं होतं. पीठ खाचेत बसतं, ओल धरतं, आणि जे सातशे वर्षं टिकलं ते आपल्या एका फोटोसाठी झिजतं. छत्री आहे ना, मग कशाला.

वाचताना लोक कुठे अडतात तेही आता नीट कळलं. सगळ्यात मोठी अडचण पडीमात्रा. त्या काळी एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर नाही तर अक्षराच्या आधी उभ्या रेघेसारखी यायची, त्यामुळे 'के' आपल्याला 'ाक' असा दिसतो आणि माणूस गोंधळतो. आणि 'व' आणि 'ब' एकच. मी एक पानाचा तक्ता हाताने काढलाय, डावीकडे आजचं अक्षर, उजवीकडे तेव्हाचं, बारा अक्षरं फक्त. आधी छत्तीस काढली होती, ती कोणी बघतच नाही. बारा पुरतात.

व्याख्यान शनिवारी झालं, रामटेकमध्येच, एका शाळेच्या हॉलमध्ये. ५० मिनिटांचं ठेवलं होतं, दीड तास चाललं. चक्रधरस्वामी रामटेकच्या यात्रेला जातो म्हणून घरातून निघाले होते हे सांगितलं तेव्हा हॉलमधला एक मोठा गट एकदम सावरून बसला, महानुभाव घरांतले लोक होते ते, नंतर त्यांनीच मला इथल्या भोगराम मंदिराबद्दल अर्धा तास सांगितलं. असं झालं की व्याख्यान खरं सुरू होतं असं मला वाटतं. शेवटी बारई समाजातल्या एक मावशी आल्या, त्यांच्या घरी अजून पानमळा आहे, रामटेकचं कपुरी पान. म्हणाल्या तुम्ही राजेच सांगता, वेलीचं कोणी सांगत नाही. अगदी खरं. पुढच्या फेरीत पानमळा घेतेय, मावशी स्वतः बोलणार आहेत, मी गप्प बसणार.

त्यामुळे नगरधन ह्या फेरीतून काढलं. किल्ला, वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या काळची राजधानी नंदिवर्धन, हे सगळं धावत पळत बघण्यासारखं नाही, त्याला वेगळा दिवस देऊ, मनसरच्या हिडिंबा टेकडीबरोबर. ज्यांनी नगरधनसाठी नावं दिली होती त्यांनी रागावू नका.

हे लिहितालिहिताच एक सुचलं, आणि आता मला दुसरं काही दिसत नाहीये. मिराशींचं वाचन परत काढलं होतं तक्त्यासाठी. लेखाचा पहिला भाग राजवंशाचा, पण पुढे काय आहे? टेकडीचं माहात्म्य. तिची नावं, सिंदूरगिरी, तपंगिरी. इथली देवळं, इथली तीर्थं, कुठे काय आहे आणि तिथे गेल्याने काय मिळतं. अहो हा दगडच गाईड आहे! सातशे वर्षांपूर्वी कोणीतरी यात्रेकरूंसाठी रामटेकची फेरी दगडात लिहून ठेवली आणि मी चार महिने माझा रूट गूगल मॅपवर आखत बसले. रूट तर भिंतीवर आहे.

म्हणजे आखणीच बदलायची. आतापर्यंत आपण गाडीने वर जायचो, लक्ष्मण मंदिर मध्येच यायचं आणि अंबाळा तलाव शेवटी, तेव्हा सगळे दमलेले. आता दगडाची यादी हातात घेऊन चालायचं. दुपारी ३ ला अंबाळ्याच्या घाटावर जमायचं, जुन्या पायऱ्यांनी वर, यादीतलं जे जे आज ओळखता येतं तिथे थांबायचं, जे सापडत नाही तेही तसंच सांगायचं. वराहाच्या मूर्तीच्या पोटाखालून ज्यांना जायचंय ते जातील. भैरव दरवाजा, गोकुळ दरवाजा करत उजेड कमी होताना लक्ष्मण मंदिरात. सगळ्यात शेवटी दगड, म्हणजे जे पायाने चालून आले तेच नाव भिंतीवर वाचतील. संध्याकाळी बाहेरचा उजेडही कमी असतो, छत्रीचं काम अर्धं होतं.

ह्या यादीत एक जागा अशी आहे जिथे मी आधीच्या फेऱ्यांत भरभर पुढे जायचे. धूम्राक्ष, म्हणजे शंबूक. लेखातही त्याचा उल्लेख आहे आणि टेकडीवर धूम्रेश्वराचं देऊळ आहे. तप केलं म्हणून रामाच्या हातून ज्याचा वध झाला त्याची जागा. रविवारी एका कॉलेजच्या मुलाने थेट विचारलं, इथे का नाही थांबलो? उत्तर नव्हतं माझ्याकडे. आता तिथे दहा मिनिटं ठेवलीत, गोष्ट आहे तशी सांगायची, गोडगोड करायची नाही, आणि लोकांना बोलू द्यायचं. त्याच मुलाला बोलशील का विचारलंय, तो हो म्हणालाय.

पुढची फेरी ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी. नागपूरहून गाडी करून येणाऱ्यांनी दीड तास धरा, साधारण ५० किलोमीटर आहे पण मनसरला गर्दी लागते. फक्त २० जण, देवळात त्याहून जास्त माणसं दगडासमोर नीट मावत नाहीत. प्रत्येकी एक छोटा टॉर्च, चढायला बरे पडतील असे जोडे. पुट्टीवाले दादा परत येणार आहेत, ह्या वेळी सासूबाईंना सोडायला नाही, लाईट धरायला. काळ्या छत्र्या माझ्याकडे तीन झाल्यात, अजून दोन कोणाकडे असतील तर आणा, रंगीत नको, आतून चंदेरी तर अजिबात नको.