दवाखान्याच्या परवान्याची किंमत कोण मोजतो?

मिरजेत उपचारांसाठी कर्नाटकातूनही रुग्ण येतात, त्यामुळे दवाखान्यांच्या परवान्याचा प्रश्न आम्हा सांगलीकरांना दूरचा वाटत नाही. राज्यातील खाटा असलेली खासगी रुग्णालये १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येतात. दवाखाने व रुग्णालयांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि खाटा नसलेला, एकट्या डॉक्टरांचा बाह्यरुग्ण दवाखाना या नोंदणीबाहेरच राहतो. २०२१ मध्ये नियम बदलून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले, ते मला मनापासून योग्य वाटते. वडिलांच्या आजारपणात दर आधी कळले असते, तर आमची धावपळ निम्मी झाली असती.

परंतु या अटींची तपासणी करायची कोणी? महापालिका क्षेत्रात हे काम ज्या आरोग्य विभागाकडे आहे, त्याच्याच माथी लसीकरण, डेंग्यूचे सर्वेक्षण आणि पावसाळ्यातील कृष्णेच्या पुरानंतरची साथनियंत्रणाची कामेही असतात, म्हणून नवे पद न भरता वाढवलेली प्रत्येक अट या कामांच्या वेळेतून वसूल होते. जत-आटपाडीकडच्या पाच-दहा खाटांच्या रुग्णालयाला अग्निसुरक्षेची आणि जैववैद्यकीय कचऱ्याची पूर्तता करावीच लागते, आणि तो खर्च अखेर रुग्णाच्या बिलातच उतरतो. नियम सैल करावेत असे मी म्हणत नाही. नव्या नियमासोबत तपासनिसांची पदे आणि त्यांच्या वेतनाची तरतूदही त्याच आदेशात जाहीर व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.