वटवट्याचा फोटो

डिसेंबरातली सकाळ, गोव्यात फोंड्याच्या घरामागचे कुळागर, म्हणजे पोफळींची बाग. एका पक्ष्याचे ४३ फोटो काढले, त्यातले ३१ निव्वळ जास्वंदीच्या पानांचे निघाले. (आई तिला दासवण म्हणते.) उरलेल्यांत एक मात्र झकास. १०-१२ ग्रॅमचा जीव, पण डोळ्यातला उजेडाचा ठिपकासुद्धा आलेला. आणि एवढे असून तो कोण, हे काही सांगता येईना.

वटवट्या (इंग्रजीत वॉर्बलर), हे नक्की. पण ग्रीनिश वॉर्बलर की ब्लिथ्स रीड वॉर्बलर? दोघेही थंडीत उत्तरेकडून येतात. नावात रीड असले तरी हा दुसरा बोरूच्या बेटासाठी अडून बसत नाही, त्याला आमची जास्वंद चालते. ग्रीनिशची भुवई (डोळ्यावरची फिकट पट्टी) डोळ्यामागे लांबवर जाते, पंखावर एक बारीक फिकट रेघ असते. ब्लिथची भुवई डोळ्यापाशीच विरते, चोच लांब, पाठ मातकट. वाचायला किती सोपे! पण पोफळींतून झिरपणारा उजेडच हिरवा. त्यात मातकट पाठ हिरवट दिसते, माझा पांढरा शर्टही दिसतो. पंखावरची रेघ पिसे झिजली की पुसट होते. राहिली भुवई, तर नेमके डोळ्यामागे एक पान आडवे.

एडवर्ड ब्लिथने १८४९ साली यातल्या दुसऱ्या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा तो कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीचे संग्रहालय सांभाळत होता. संग्रहालयातला नमुना मुका खरा, पण त्याचा पंख उलगडून पिसे मोजता येतात. माझा फोटो मुका तो मुकाच, वर पंख मिटलेला. आपल्याकडे ज्याचे नावच वटवटीवरून पडले, त्याचे तोंड बंद करून मी त्याला ओळख विचारत होतो.

उत्तर मिळाले ते चुकून. मध्येच कधीतरी कॅमेऱ्याची कळ व्हिडिओवर सरकली होती. ६ सेकंदांची हलती पाने, पक्षी नाहीच. आधी दारोदार पाव-उंडे विकणाऱ्या पोदेराचा पोंऽपों, शेवटी आईची हाक, "अरे, उंडे घे चार!" आणि या दोहोंच्या मध्ये, कुणी जीभ टाळूला लावून सोडावी तसे कोरडे "चक्... चक्". ग्रीनिश असता तर "चिस्वी" म्हणाला असता.

ब्लिथच.

झकास फोटोला नाव दिले. उंडे मात्र त्या दिवशी राहिलेच.